‘आणि सोबती’

रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारी हा ‘संत पॉल मिकी आणि सोबती’ यांचा सण आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारल्या गेलेल्या २६ रक्तसाक्षींचे हे स्मरण. त्या ‘सोबत्यां’मध्ये एक वसईचा आहे : गोन्सालो गार्सिया. बोरिवलीहून लोकलने अर्ध्या तासावर असलेल्या गावी जन्मलेल्या या माणसाला १८६२ साली संतपद मिळाले. चर्चने त्याला निदान ‘सोबती’ तरी म्हटले. मराठीच्या वर्गांतून संतसाहित्य शिकवणारे आपण तेवढेही म्हणत नाही.

यावर ठरलेला आक्षेप असा की, मराठीत संत म्हणजे संतकवी, आणि गोन्सालोने तर काही लिहिले नाही. पण मग महिपतीचे काय करायचे? ‘भक्तिविजय’ (१७६२) ही संतचरित्रेच आहेत, आणि त्यांत कबीर, मीराबाई, नरसी मेहता असे परभाषक संतही येतात. चरित्रनायक मराठीत लिहीत होता की नाही, ही अट तिथे नाही. ती फक्त ख्रिस्ती संतांच्या वेळीच का आठवावी? शिवाय ख्रिस्ती मराठीलाही संतचरित्राची स्वतःची परंपरा आहे. सतराव्या शतकात गोव्यात एतियेन द ला क्रुआने संत पीटरवर आणि अंतोनियो द साल्दान्याने पादुआच्या संत अंतोनीवर मराठीत रचना केल्या. आपण मात्र फादर स्टीफन्सांच्या ‘क्रिस्तपुराणा’पाशी (१६१६) थांबतो; तेही बहुधा त्यांनी मराठीची स्तुती केली म्हणून! ज्या कथेसाठी त्यांनी ओवी हाती घेतली, ती बाजूला राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : हा सारा पोर्तुगीज सत्तेचा इतिहास, तो आपला कसा? गोन्सालोचे वडील पोर्तुगीज, आई वसईची. जपानात तो फ्रान्सिस्कनांचा दुभाषी होता. ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज १५९६ साली जपानच्या किनाऱ्याला लागल्यावर हिदेयोशीचा संशय बळावला आणि त्यातून हा देहदंड झाला. श्रद्धा आणि साम्राज्य यांची गुंतागुंत इथे आहेच. पण गुंतागुंत हे वाचण्याचे कारण असते, टाळण्याचे नव्हे. दोन जगांमध्ये शब्द पोचवणारा माणूस दोन सत्तांच्या कात्रीत सापडून मरतो, हा विषय भाषांतराच्या अभ्यासकाला परका वाटावा काय? त्याला वाचणे म्हणजे त्याला पुजणे नव्हे.

अंधेरीला मरोळ भागात १५७९ सालच्या संत योहान बाप्तिस्ताच्या चर्चचे भग्नावशेष आज सीप्झच्या कुंपणाआड उभे आहेत. आजूबाजूच्या ईस्ट इंडियन गावठाणांत मराठीचीच बोली बोलली जाते. उस्मानाबादच्या २०२० च्या साहित्य संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा विरोधाचे सूर उठले. तो विरोध बाहेरून आला, असे समजून आपण सुटू शकत नाही. ज्या भाषेच्या अध्यापकांनीच ख्रिस्ती मराठीला चारशे वर्षे पाहुणी ठरवले, तिथे एखाद्याने ‘हा कोण?’ असे विचारले तर नवल ते काय?