घर विकले, धोका कोणाच्या नावे?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनारी रस्त्यावर आरे-वारे लागते. सुरूच्या बनांआडचे हे किनारे पाहावयास आता मोठी गर्दी लोटते, आणि त्या गर्दीमागोमाग येथील जमिनीला व घरांना भाव आला आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर आणि गणपतीला व शिमग्यालाच उघडणारे दार, अशी घरे या पट्ट्यात पुष्कळ. मुंबईकर वारसांत वाटण्या होतात, घर विकले जाते आणि पुढच्या हंगामात तेथे पर्यटकांच्या निवासाचा फलक लागतो. व्यवहारात कागद काटेकोर पाहिले जातात. सातबारा, वारसनोंद, घरपट्टीची पावती यांची छाननी होते, दुय्यम निबंधकापुढे अंगठे उमटतात, सरकार आपले मुद्रांक शुल्क वसूल करते. त्या घराच्या भिंतींवरून कोणती वीजतार गेली आहे, एवढे मात्र कोणी विचारीत नाही.

ही विसंगती किती खोल आहे पाहा. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २००५ च्या पुरवठा संहितेनुसार जुन्या मालकाने थकवलेले वीजबिल त्या जागेवरचा बोजा ठरले. खरेदीदार वारस नसला तरी सहा महिन्यांपर्यंतची थकबाकी त्याच्या माथी येऊ शकते, असे त्या संहितेने सांगितले. म्हणजे घराबरोबर देणे हस्तांतरित होते, हे शासनाला नीट कळते. घराबरोबर धोकाही हस्तांतरित होतो, हे त्याला कळू नये काय? नवी जोडणी घेताना परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो. पण ती चाचणी त्या दिवसापुरती. पुढे तीस-चाळीस वर्षांत त्या तारांचे काय झाले, हे पाहणारा कोणी नाही.

काय होते ते कोकणातल्या माणसाला सांगावयास नको. दोन दिवे आणि एक पंखा यांच्यासाठी लाकडी पट्टीवर ओढलेल्या तारेवर पुढे फ्रीज येतो, विहिरीचा पंप येतो, आणि घराचे अतिथिगृह झाले की प्रत्येक खोलीत गीझर व वातानुकूलन यंत्र येते. खाऱ्या वाऱ्याने जोड गंजतात, पावसाळी ओल भिंतीत मुरते, माळ्यावर उंदीर तारांची वेष्टने कुरतडतात. वारंवार फ्यूज जातो म्हणून त्यात जाड तार घातली जाते. म्हणजे पहारेकऱ्यालाच झोपेचे औषध दिले जाते. जांभ्याच्या कातळात उन्हाळ्यात ओल राहत नाही, तेथे अर्थिंगचा खड्डा पुष्कळदा नावापुरताच उरतो. आगीच्या अपघातांत २०२२ साली देशात ७,४३५ माणसे मेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने केली आहे; विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या तर वर्षाला दहा हजारांहून अधिक असते. या मृत्यूंना आपण दैव म्हणतो आणि गप्प बसतो.

कायदा अगदीच मुका आहे असे नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ म्हणते की, स्वतःला ठाऊक असलेला आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा महत्त्वाचा दोष विक्रेत्याने उघड केला पाहिजे. परंतु विक्रेत्याला तरी तो ठाऊक कोठे असतो? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले की, एका पक्षाला जे ठाऊक ते दुसऱ्याला नसेल तर बाजार चांगल्या मालाची कदर करीत नाही. आपल्या घरांच्या बाजारात तर दोन्ही पक्ष अंधारात आहेत. अशा बाजारात सुरक्षितता आपोआप निर्माण होईल, ही भाबडी श्रद्धा झाली.

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात २०११ साली एका घराच्या आगीत अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर कायदा बदलला. १ जानेवारी २०२२ पासून तेथे विकल्या वा भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरात परस्परांशी जोडलेल्या धूरसूचक घंटा बंधनकारक झाल्या. १ जानेवारी २०२७ ही उरलेल्या सर्व घरांसाठी मुदत ठरली. यातले मर्म आपण घ्यावे: विक्री ही पहिली पायरी, कारण त्या क्षणी घराची किंमत होते, पैसा हाताशी असतो आणि सरकार व्यवहारात हजर असते. तंतोतंत नक्कल मात्र नको. चुलीच्या आणि फोडणीच्या धुराने दिवसभर केकाटणारी घंटा तिसऱ्या दिवशी काढून ठेवली जाईल. आपल्याकडे आधी अर्थिंग हवे, आणि गळणारा प्रवाह ओळखून तत्क्षणी वीज तोडणारे यंत्र हवे. धूरसूचक घंटा परक्या माणसांना निजवणाऱ्या खोल्यांत प्रथम लागावी. झोपेत धुराच्या वासाने जाग येईलच असे नाही.

आक्षेप येईल की, यातून आणखी एक दाखला आणि आणखी एक टेबल निर्माण होईल. आक्षेप खरा आहे, आणि तो आपणच प्रथम घेतला पाहिजे. म्हणून तपासणीचा खर्च मुद्रांक शुल्कातूनच व्हावा, विक्रेत्याकडून वेगळा पैसा घेऊ नये. अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा आणि काही घरांची दुसऱ्याने फेरतपासणी करावी. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वीजतंत्री व तारतंत्री दरवर्षी बाहेर पडतात; त्यांना प्रशिक्षण व परवाना देऊन हे काम सोपवले तर गावातल्या तरुणाला गावातच रोजगार मिळेल. दोष आढळला तरी विक्री अडवू नये. तो खरेदीखतात लिहावा आणि दुरुस्तीची मुदत बांधावी.

आणखी एक गोष्ट विसरू नये. ज्याच्याजवळ विकण्यास घरच नाही, त्याला हा नियम शिवत नाही. अतिथिगृहाच्या मागल्या पडवीत झोपणारा नोकर, बागेतल्या खोपटात राहणारा आंब्याचा राखणदार, भाड्याच्या खोलीतले कुटुंब यांच्या डोक्यावरची तार तीच असते. म्हणून विक्रीवर थांबून चालणार नाही. पुढची पायरी भाड्याच्या आणि मजुरांच्या निवाऱ्याची असली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत हा ठराव मांडावा. तोवर प्रत्येकाने आपल्या घरातला फ्यूज उघडून त्यात कोणती तार घातली आहे हे जाणत्याकडून पाहून घ्यावे. गावात वीज आणणे हे समाजाचे काम होते, तर ती उंबरठ्याच्या आत कोणाचा जीव घेणार नाही हे पाहणे केवळ घरमालकाचे काम कसे ठरते?