तण कुणाला म्हणता?

दर ऑगस्टात गाजर गवताचा सप्ताह येतो. भिंतीवर चित्र लागतं : तण ओळखा. साहेब, ओळख कुणाला शिकवता? ज्या बाया पोटासाठी जन्मभर दुसऱ्याच्या रानात निंदत फिरल्या, त्यांना?

त्या अंधारातसुद्धा सांगतील. कोवळं असताना गाजर गवत भुईला चिकटून पसरतं, पान गाजराच्या पाल्यागत फाटलेलं. मग ताट उभं राहतं, अंगावर लव, शेंड्याला तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. एका झाडाला 10,000 च्या वर बी. पुण्यात त्याची नोंद झाली 1956 च्या सुमारास. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं लोक सांगतात, अन् पांढऱ्या टोप्यांवरून त्याला काँग्रेस गवत म्हणतात. (नाव ठेवणारा आपलाच कुणी असणार.) त्यात पार्थेनिन नावाचं विष असतं. उपटणाऱ्याच्या पापण्या सुजतात, मान अन् कोपराची वळणं काळी पडून चिरतात, पुढं पुढं तर नुसत्या वाऱ्यानंही अंग पेटतं. माझ्या मायचे हात वर्षानुवर्षं असेच होते. मालकानं हातमोजे कधी दिले नाहीत, खाजेपायी बुडालेला रोज मात्र चोख कापला. गवत विषारी आहे हे साऱ्या गावाला ठाऊक. मग ते उपटायला उघडे हात कुणाचे लावले?

आता शेतीच्या पुस्तकातली यादी उघडा. तरोटा, तण. घोळ, तण. कुर्डू, पाथरी, तण. च्यायला, हे तर आमचं कोरड्यास! निंदून येताना मायच्या ओच्यात हेच यायचं, अन् त्यावर आम्ही पावसाळा काढला. मालकाच्या पिकात उभं राहिलं एवढाच त्याचा गुन्हा. खाणाराला कुणी विचारलं नाही. गाजर गवत अन् तरोटा एकाच ओळीत, एकाच फवाऱ्याखाली. तणनाशक मारलं की भाजी गेली, अन् निंदणीचा रोजही गेला.

अन् गंमत बघा, गाजर गवत हटवायचं तर तिथं तरोट्याचं बी फेका, असं आता तणांचे शास्त्रज्ञच सांगतात. तरोटा दाट माजला की त्याला डोकं वर काढू देत नाही.

तेव्हा हातमोजे आधी वाटा, चित्रं मागून लावा. फुलोरा यायच्या आत उपटायला लावा, अन् त्याचा पुरा रोज द्या. यादी नव्यानं कराल तेव्हा निंदणाऱ्या बाईला खुर्चीवर बसवा. तरोट्यापुढचा तो शब्द तिलाच खोडू द्या.