तंबाखूमुक्ती : शपथ पुरे, उपचार द्या!

दरवर्षी ३१ मे रोजी जागतिक तंबाखूविरोधी दिन साजरा होतो. शाळांच्या फेऱ्या निघतात, कार्यालयांत सामूहिक शपथ होते, पुढाऱ्यांचे फोटो छापून येतात. १ जूनला कष्टकरी माणूस पुन्हा पुडी उघडून तळहातावर तंबाखू मळू लागतो. मग उपदेश करणारे म्हणतात, 'या लोकांना मनावर ताबाच नाही!' या वाक्यात विज्ञान नाही, तुच्छता आहे.

विज्ञान काय सांगते? तंबाखूतले निकोटिन मेंदूला आपल्यावर अवलंबून ठेवते. ते तुटले की चिडचिड होते, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. म्हणूनच कसलीही मदत न घेता केलेल्या प्रयत्नांपैकी जेमतेम ४ टक्के यशस्वी होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग उरलेले ९६ टक्के दुबळ्या मनाचे काय? मुळीच नाही! त्यांना जडले आहे ते दुखणे, आणि दुखण्याला औषध लागते.

ते औषध आज आहे. संघटनेने जुलै २०२४ मध्ये प्रौढांच्या तंबाखूमुक्तीसाठी पहिली उपचार-मार्गदर्शिका काढली. धूम्रपान करणाऱ्यांसाठी निकोटिनचे च्युइंगगम व चिकटपट्ट्या, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन आणि सायटिसिन यांची शिफारस तिच्यात आहे. तंबाखू खाणाऱ्यांसाठी सखोल समुपदेशन, तसेच निकोटिन उपचार किंवा व्हॅरेनिक्लिन सुचवले आहे. निकोटिन उपचाराने धूम्रपान सुटण्याची शक्यता सुमारे दीडपट होते, हे अनेक चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. औषधाला समुपदेशनाची जोड मिळाली तर यश आणखी वाढते. भारत सरकारनेही २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत निकोटिन उपचाराचा समावेश केला आहे.

प्रश्न असा, की हा उपचार पोहोचतो कोणापर्यंत? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के, तर तंबाखू खाणारे, मशेरी लावणारे २४.४ टक्के! म्हणजे आपला खरा प्रश्न सिगारेटचा नाही, पुडीचा आणि मशेरीचा आहे. पण दवाखान्यात काय घडते? त्याच सर्वेक्षणात देशभरातील धूम्रपान करणाऱ्या रुग्णांपैकी ४८.८ टक्क्यांना डॉक्टर वा आरोग्य कर्मचाऱ्याने 'सोडा' म्हणून सांगितले होते; तंबाखू खाणाऱ्यांपैकी फक्त ३१.७ टक्क्यांना. मशेरी लावणारी बाई त्याला व्यसन समजत नाही, दात घासणे समजते. आणि तिला विचारणारा कोणी भेटत नाही.

गटाराची दुर्गंधी सहन व्हावी म्हणून सफाई कामगार तंबाखूचा बार भरतो. भूक मारायला ऊसतोड मजूर दाढेखाली चिमूट धरतो. ज्या व्यवस्थेने त्यांच्या वाट्याला हे काम दिले, तीच त्यांना व्यसनी ठरवून मोकळी होते. हा दुहेरी अन्याय आहे.

शासनाने काहीच केले नाही, असे नाही. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखाबंदी केली. २०१६ मध्ये १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा सुरू झाली आणि २०१८ पासून हा क्रमांक पाकिटांवर छापणे सक्तीचे झाले. पण बंदीने पुरवठा अडतो, तलफ थांबत नाही. गुटखा बंद झाला म्हणून मेंदूची मागणी बंद होत नाही. ती साध्या तंबाखूकडे वळते.

म्हणून मागणी नेमकी हवी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, कोणत्याही तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाला 'तंबाखू खाता का, मशेरी लावता का?' हे विचारलेच पाहिजे. निकोटिन उपचार तेथे मोफत मिळाला पाहिजे. रोजंदारीवरच्या माणसाला औषध तंबाखूच्या पुडीपेक्षा महाग पडले तर तो पुडीच घेणार. सफाई कामगारांच्या हजेरी चौक्यांवर आणि ऊसतोड मजुरांच्या तळांवर समुपदेशक गेले पाहिजेत.

कार्यकर्त्यांनीही वस्तीतल्या माणसाला लाजवणे थांबवावे. त्याला फोन क्रमांक द्यावा, दवाखान्यात सोबत जावे, पहिल्या आठवड्यात रोज विचारपूस करावी. तो पुन्हा घसरला तर पुन्हा उभे करावे. अनेकांची तंबाखू दोन-चार प्रयत्नांनंतरच सुटते. उपचार हा उपकार नाही, तो हक्क आहे. तो मागून घेतला पाहिजे!