पुरानंतर बसायला कोण जातं?



आपल्या समाजात कुणाकडे मृत्यू झाला की काय करायचं हे कुणी शिकवावं लागत नाही. घरून डबे जातात, बायका जाऊन बसतात, नवकार म्हणतात. कुणी फार बोलत नाही, पण ती घरची बाई एकटी पडत नाही. प्रश्न असा आहे की वैनगंगेच्या पुरात घर, धान आणि गुरं गेलेल्या बाईकडे असं बसायला कोण जातं? आपली किट तिच्यापर्यंत पोचते. त्यात तांदूळ, डाळ, तेल, चादर सगळं असतं. किट देणारे मात्र अर्ध्या तासात गाडीत बसून निघालेले असतात.

ख्रिस्ती लोकांनी या कामासाठी माणूसच नेमलेला असतो. त्याला चॅप्लिन म्हणतात. आपल्या सैन्यात पंडित, ग्रंथी, मौलवी आणि पाद्री असे धर्मगुरू असतात, त्यातल्या पाद्र्यासारखाच हा. हा चर्चमध्ये बसून लोकांची वाट बघत नाही. त्याची नेमणूकच दवाखान्यात, तुरुंगात, पलटणीत होते, आणि भूकंप-पूर झाला की तो तिथे जातो. धान्य वाटणं हे त्याचं मुख्य काम नाही. जो हादरला आहे त्याच्याजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं, प्रेत ओळखायला जाणाऱ्याबरोबर जायचं, आणि समोरच्यानं म्हटलं तरच प्रार्थना करायची. आणि टीव्हीवाले निघून गेल्यावरही काही दिवस तिथेच राहायचं.

आता तुमच्या मनात काय आलं ते मला कळतं. "ते लोक मदत करता करता धर्म बदलतात." हा प्रश्न टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. आपला चांदा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली आणि विधवांना त्या पुण्याकडे घेऊन गेल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. त्यातल्या बऱ्याच जणी पुढे ख्रिस्ती झाल्या, हे खरं. पण त्या जिवंत राहिल्या, लिहाय-वाचायला शिकल्या, हेही खरं. खात्याच्या दोन्ही बाजू लिहिल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.

शिवाय या दोषाची जाणीव त्यांच्यातही झाली. १९९४ साली रेड क्रॉस आणि इतर मोठ्या संस्थांनी आपत्तीतल्या कामाची आचारसंहिता ठरवली. कॅरितास आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस या चर्चच्याच संस्था त्यात होत्या. मदत करताना जात, धर्म, देश बघायचा नाही आणि मदतीचा उपयोग धर्माच्या किंवा राजकारणाच्या प्रचारासाठी करायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. प्रत्येक जण ते पाळतो असं मी म्हणणार नाही. पण नियम कागदावर असला की मोडणाऱ्याला जाब तरी विचारता येतो. आपल्या मंडळाचा असा लिहिलेला नियम आहे का?

आपणही प्रचार करतो, बरं का. किट घेणाऱ्या बाईचा मंडळाच्या फलकासमोर उभं करून फोटो काढतो. त्याहून वाईट म्हणजे कधी कधी सहज बोलून जातो, "ज्याचं त्याचं कर्म." कर्मसिद्धांत माझ्या दुःखात मला सावरण्यासाठी आहे. दुसऱ्याच्या दुःखावर निकाल देण्यासाठी तो नाही. जिचं मूल वाहून गेलं तिला कर्माचा हिशोब ऐकवणं हा माझ्या मते हिंसेचाच प्रकार आहे, वचनाची हिंसा.

आता जरा तारखा लावून बघा. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे झाला, अनंत चतुर्दशीची रात्र सरत असताना. भामरागड पर्लकोटेच्या पाण्यात बुडालं ते २०१९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला, दशलक्षण पर्व चालू असताना. ऑगस्ट २०२० च्या शेवटी गोसेखुर्दचं पाणी सुटलं, ब्रह्मपुरी तालुक्यातलं लाडज चहूबाजूंनी वेढलं गेलं, देसाईगंजकडची गावं पाण्यात गेली. संवत्सरी होऊन तेव्हा आठवडा झाला होता आणि दशलक्षण पर्व संपायचं होतं. जुलै २०२२ चा पूर तर चातुर्मास बसता बसताच आला.

यात योगायोग काही नाही. आपला चातुर्मास पावसाळ्यात असतो आणि पूरही पावसाळ्यातच येतो. पावसात जीवजंतू वाढतात, पायाखाली हिंसा होऊ नये म्हणून साधू-साध्वी विहार थांबवतात. वाहनात तर ते बसतच नाहीत. म्हणजे पादरी जसा जीपमधून पूरग्रस्त गावात जाईल, तसे आपले महाराजसाहेब जाणार नाहीत. जाऊही नयेत, त्यांचं व्रत मोठं आहे. मग ते काम कुणाचं? चतुर्विध संघात साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असतात. त्यातले पहिले दोन थांबले की उरलेल्या दोघांनी चालायचं. आपण मात्र नेमक्या याच दिवसांत उपवास, पूजा, प्रतिक्रमण, पारणं यात इतक्या गुंतलेल्या असतो की बातमी बघून "अरेरे" म्हणतो आणि पावती फाडतो.

तप सोडा असं मी म्हणत नाही. पण वैयावृत्त्य हेही सहा आभ्यंतर तपांपैकी एक तपच आहे. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांचा क्रमही बघा: आधी स्थितीकरण, मग वात्सल्य, आणि प्रभावना सर्वात शेवटी. डळमळलेल्याला आधी सावरायचं आहे, फलक नंतर. शास्त्रात ही अंगं मुख्यतः साधर्मिकांसाठी सांगितली आहेत, हे मला ठाऊक आहे. पण अनुकंपा तर प्राणिमात्रासाठी आहे. मुंगीला वाचवणारा आपला धर्म गोंड, माना, ढिवर बाईच्या दारात जाऊन थांबणार नाही.

आपल्या माणसांनी हे करून दाखवलंही आहे. किल्लारीनंतर शांतिलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली १२०० मुलं पुण्याला नेली आणि वाघोलीत त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. ते काही एका दिवसाचं वाटप नव्हतं, मुलांची वर्षानुवर्षांची जबाबदारी होती. सोबत राहणं ते हेच.

बल्लारपूरला चांदा धर्मप्रांताचं मुख्यालय आहे. १९६२ साली हा भाग केरळच्या कार्मेलाइट फादरांकडे सोपवला गेला. दूरदेशाहून येऊन ते इथली भाषा शिकले आणि इथेच राहिले. आपण तर इथल्याच. आपली दुकानं याच गिऱ्हाइकांवर चालली, आपली घरं याच धानावर उभी राहिली.

म्हणून मंडळांसाठी माझी सूचना अशी. दर पावसाळ्याआधी चार-पाच जणींचा गट ठरवावा, ज्यांना त्या वर्षी मोठं तप करायचं नाही अशांचा. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी त्यांनी एकाच गावात जावं, आणि दिवाळीनंतर त्याच गावात पुन्हा जावं. जाताना आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेला सोबत घ्यावं, कारण माडिया-गोंडी आपल्याला येत नाही. साड्यांबरोबर परकर, आतले कपडे आणि पॅड न्यावेत. बायका ते मागत नाहीत. पंचनाम्यात नाव आलं का, पासबुक आणि सातबारा वाहून गेला का, हे विचारून अर्ज लिहून द्यावा. बाकीचा वेळ बसावं आणि ऐकावं. फोटो नाही, उपदेश नाही, आणि "आम्ही कोण" हे विचारलं तरच सांगायचं.

क्षमापनेच्या दिवशी आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. त्या सर्व जीवांत नदीकाठची ती बाईही येते, आणि तिचं घर आपल्यापासून एसटीनं दोन-तीन तासांवर आहे.

मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.