वाळवंटातील घराला फरशी कोणती?

भगिनींनो, फरशी एकदा बसली की जन्मभर पायाखाली राहते. म्हणून दुकानातील चकाकी पाहण्याआधी गावचे हवामान पाहावे. राजस्थानच्या थर वाळवंटाचेच घ्या. तेथे फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा ठिकाणी दगडी फरशीच सोयीची. दगड तळपायाची उष्णता चटकन ओढून घेतो. शिवाय उन्हाळ्यात घराखालची माती बाहेरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे तळमजल्यावर गारवा टिकतो.

लाकडी फळ्या कोरड्या हवेत आकसतात आणि फटींत वाळू बसते. गालिचा धूळ धरून ठेवतो. मकराण्याचा संगमरवर गार खरा, पण महाग. आणि पायांबरोबर येणाऱ्या वाळूने त्याचे पॉलिश जाते. त्यापेक्षा जोधपूरचा वालुकाश्म, जैसलमेरचा पिवळा दगड किंवा कोटा, बिनपॉलिशचा घ्यावा; ओरखडे उठून दिसत नाहीत. अंगणात फिकट रंगच बरा, गडद दगड उन्हाने पाय भाजतो. कोटा आणि जैसलमेरी दगड चुनखडीचे. ते ॲसिडने धुऊ नयेत.

आणखी एक. वालुकाश्म कोरडा कापला की उडणारी बारीक धूळ कारागिराच्या फुप्फुसात बसते. त्यातून सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये या रोगासाठी वेगळे धोरण आणावे लागले. म्हणून दगड पाणी सोडूनच कापायला सांगा. आपल्या घरच्या गारव्यापायी कोणा कष्टकऱ्याचा श्वास कोंडू नये.