हरळी कोणाच्या मालकीची?

हरळी मोठी चिवट जात. जमिनीवरून धावणाऱ्या खोडाच्या पेरापेराशी ती मुळे धरते. गुरांनी ओरबाडली, उन्हाने करपविली, तरी पहिल्या पावसाबरोबर पुन्हा उभी राहते. तिला नामशेष करण्याचा खात्रीचा उपाय एकच : तिच्याखालची जमीनच काढून घेणे. तो उपाय आज महाराष्ट्रभर चालू आहे.

वर्धा शहराला खेटून असलेले बोरगाव मेघे पाहा. 2011 च्या जनगणनेने त्याची गणती शहरांत केली. गावाचे असे शहर झाले की जमिनीचा भाव चौरस फुटाने ठरतो, आणि जे गवत कोणा एकाच्या मालकीचे नाही त्याला वाली उरत नाही. बंगल्यापुढे हीच हरळी 'लॉन' म्हणून पाणी पिते; दोन शेळ्यांवर संसार रेटणाऱ्या मजूर स्त्रीला मात्र चराईस जागा नाही.

गायराने कोणी गिळली, असे विचारताच बोट दाखविले जाते भूमिहीनाच्या झोपडीकडे! 28 जानेवारी 2011 रोजी जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. 2022 मध्ये राज्यातील गायरानांवर दोन लाखांहून अधिक अतिक्रमणे असल्याचे सरकारनेच मुंबई उच्च न्यायालयात सांगितले आणि नोटिसा निघाल्या. परंतु 2011 च्या त्याच निकालात सरकारी अधिसूचनेने पट्टे मिळालेल्या भूमिहीन मजुरांचा व अनुसूचित जाती-जमातींचा अपवाद नमूद आहे, हे सांगताना सत्ताधाऱ्यांची वाचा बसते.

दुसरीकडे, 2023 पासून सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यासाठी सरकारी जमिनी, त्यांत गायरानेही, नाममात्र भाड्याने देण्यात येत आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, याविषयी दुमत नाही. पण गरिबाने दहा हात जागा धरली तर ते अतिक्रमण आणि कंपनीने एकरांनी घेतली तर तो विकास, हा कोठला न्याय?

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1964 साली भूमिहीन सत्याग्रहात उतरले, ते गुरांच्या तोंडचा चारा काढण्यासाठी नव्हे. गोपालक आणि भूमिहीन यांची झुंज लावून देणे, ही मालदारांची जुनी युक्ती आहे. तेव्हा प्रत्येक गावाने गायरानाची मोजणी मागावी, नकाशा चावडीवर लावावा. राहत्या गरिबाचे घर नियमित करावे, प्लॉटवाल्याचे कुंपण उपटावे, आणि ग्रामसभेच्या संमतीवाचून एक गुंठाही कोणास देऊ नये. हरळी एका पेरातून पुन्हा पसरते. मात्र त्या पेराला टेकायला माती लागते. ती राखणे आपल्या हाती आहे.