बाटली किराण्याच्या शेजारी?

नाशिकला नणंदेकडे गेले की गंगापूर रस्त्याने द्राक्षमळे बघायला जायचं, हे ठरलेलंच. राजीव सामंत यांनी १९९९ साली 'सुला' उभी केली ती याच भागात. वाइनची द्राक्षं आपल्या खायच्या द्राक्षांपेक्षा बारीक, जाड सालीची अन् बियांची असतात, हे मला तिथंच कळलं. गोडसर शेनिन ब्लां तिखट रश्शाबरोबर, सॉव्हिन्यों ब्लां तळलेल्या सुरमईबरोबर, लाल शिराज मटणाबरोबर, अशा जोड्याही कळल्या. आपल्या वरणभाताला मात्र लिंबाची फोडच बरी बाई!

जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला मान्यता दिली. शेतकऱ्याच्या मालाला भाव मिळेल, हे कारण. मळेवाल्या घरच्या बायकांचं कर्ज मी पाहिलंय, त्यामुळे ते कारण मला खोटं वाटत नाही. शाळा-देवळांजवळची दुकानं वगळली होती, हेही खरं. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, सरकारने हरकती मागवल्या अन् विषय रेंगाळला.

पण 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे काही मला पटत नाही. तिच्यात साधारण १२-१३ टक्के अल्कोहोल असतं, साध्या बिअरच्या दुपटीहून जास्त. गावातलं दारूदुकान बंद करायचं तर निम्म्याहून अधिक बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. केवढी वणवण! मग तूरडाळीच्या फळीशेजारी बाटली मांडताना आम्हाला आधी विचारायला नको?